जुन्या मोटारींची शाळा

नोव्हेंबर महिन्यातला पहिला रविवार. लंडनमध्ये पहाटे कडाक्याची थंडी असते. तरीही शेकडो माणसे अंधारात उठून रस्त्याच्या कडेला उभी राहतात. सूर्य उगवला, की धूर सोडत, खडखडत, थरथरत जुन्या मोटारींची रांग ब्रायटनच्या दिशेने निघते. अंतर सुमारे ९५ किलोमीटर. रांगेतली प्रत्येक गाडी १९०५ सालाच्या आधी बनलेली असते. काहींना सुकाणूचक्राऐवजी नावेसारखा दांडा आहे, काही वाफेवर चालतात, बहुतेकींना छप्पर नाही. ही शर्यत नव्हे. पहिला कोण आला हे कुणी विचारत नाही. दुपारी साडेचारच्या आत ब्रायटनला पोचायचे, एवढीच अट. पोचणाऱ्याला एक पदक मिळते.

या धावेमागे एक कायदा आहे. ब्रिटनमध्ये १८६५च्या कायद्यानुसार यांत्रिक वाहनाच्या पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे लागे. निशाणाची सक्ती १८७८मध्ये गेली, पण वेगाची मर्यादा ताशी ४ मैलच राहिली. ती १८९६मध्ये ताशी १४ मैलांपर्यंत वाढवण्यात आली. याचा आनंद म्हणून १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारवाले लंडनहून ब्रायटनला गेले आणि निघण्यापूर्वी त्यांनी एक लाल निशाण फाडले. त्या प्रवासाची आठवण म्हणून १९२७मध्ये ही धाव पुन्हा सुरू झाली. १९३०च्या धावेनंतर ब्रायटनच्या एका हॉटेलात जमलेल्या काही जणांनी ‘व्हेटरन कार क्लब’ स्थापन केला. अशा प्रकारचा हा अगदी सुरुवातीचा क्लब. १९३४मध्ये ‘व्हिन्टेज स्पोर्ट्स-कार क्लब’ निघाला. त्याने १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांना ‘व्हिन्टेज’ म्हटले आणि तो शब्द जगभर रूढ झाला.

आता कुणी म्हणेल, ही श्रीमंतांची हौस. शाळेतल्या विज्ञानाशी तिचा काय संबंध? आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण जुनी गाडी पुन्हा चालती करताना नेमके काय काय करावे लागते हे पाहू लागलो, तेव्हा लक्षात आले की आठवी ते बारावीच्या पुस्तकांतली निम्मी प्रकरणे त्या एका गाडीत बसलेली आहेत. गंज, विद्युत् अपघटन, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, वायूंचे गुणधर्म, ज्वलन, वर्तुळाचे क्षेत्रफळ. यातली काही प्रकरणे आपण या लेखात उघडून पाहू या.

गंज: गेलेले लोखंड परत येत नाही

वीस-तीस वर्षे गोठ्यात किंवा झाडाखाली उभी असलेली गाडी सापडते, तेव्हा तिचा पहिला शत्रू गंज असतो. गंज लागायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन या तिन्ही गोष्टी लागतात. हे मुलांना खिळ्यांच्या नेहमीच्या प्रयोगातून ठाऊक असते: एक खिळा कोरड्या हवेत, एक उकळून गार केलेल्या आणि वर तेलाचा थर दिलेल्या पाण्यात, एक साध्या पाण्यात. या तिघांबरोबर चौथी नळी मिठाच्या पाण्याची ठेवावी. काही दिवसांत फरक दिसतो. मीठ गंजाचा वेग वाढवते, कारण गंजणे ही विद्युत् रासायनिक क्रिया आहे. पत्र्याच्या एका भागातून लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात, दुसऱ्या भागात ऑक्सिजन आणि पाणी ते इलेक्ट्रॉन घेतात. पाण्यात क्षार असले, की ते अधिक चांगले विद्युत्-वाहक होते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, म्हणून तिथल्या गाड्या लवकर सडतात. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीची खारी हवा तेच काम करते.

गाडी नेमकी कुठे सडते, हेही मुलांना विचारण्याजोगे आहे. दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या आतल्या वळणात, पायाखालच्या पत्र्यात. म्हणजे जिथे चिखल साचतो आणि पाणी अडते तिथे. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती मातीने बुजली, की दार आतून सडू लागते. बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो. मग एक दिवस त्या रंगाला फुगवटा येतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे तो रंगाला आतून वर ढकलतो. फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा संपलेला असतो.

लहान सुटे भाग स्वच्छ करण्यासाठी क्लबातली मंडळी विद्युत् अपघटनाची पद्धत वापरतात. शिक्षकांनी स्वतः ही करून दाखवण्याजोगी आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घ्यावे व लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजका पाना किंवा कडी ऋण टोकाला जोडावी आणि साध्या लोखंडाचा एक टाकाऊ तुकडा धन टोकाला. दोन्ही एकमेकांना चिकटू देऊ नयेत. १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरने प्रवाह दिला, की पान्यावर हायड्रोजनचे बुडबुडे दिसू लागतात. काही तासांनी तांबूस गंजाची जागा काळपट, सैल थर घेतो आणि तो ब्रशने निघून येतो.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. प्रयोग उघड्यावर करावा व जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी, कारण हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि सोड्याऐवजी मीठ वापरू नये, नाही तर क्लोरीन निर्माण होतो.

प्रयोगानंतर मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: या रीतीने गेलेले लोखंड परत आले का? बरीच मुले ‘हो’ म्हणतील. पान्याला हात लावून पाहू द्यावा. जिथे खड्डा पडला होता तिथे खड्डाच आहे. गंजाच्या काही भागाचे क्षपण झाले, पण तो पुन्हा मूळ धातूला सांधला गेला नाही. म्हणूनच सडलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. तो हातोडी आणि ऐरणीवर ठोकून वळणात आणणे हे पत्राकाम करणाऱ्या कारागिराचे खरे कौशल्य.

इंजिन: एक केसभर अंतर

पत्र्यानंतर इंजिन. आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी या गाड्या बनत. या मालिकेतल्या सुरुवातीच्या गोलसर गाडीला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. या इंजिनात चार सिलिंडर असतात, प्रत्येकाचा आतला व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. दंडगोलाच्या घनफळाचे सूत्र वापरून मुलांना गणित करू द्या. उत्तर सुमारे १०८९ घन सेंटिमीटर येते, आणि गाडीच्या कागदपत्रांत हाच आकडा असतो.

वर्षानुवर्षे घासून सिलिंडर गोल राहत नाही. वरच्या भागात तो अधिक झिजतो, कारण स्फोटाचा दाब आणि उष्णता तिथे सर्वांत जास्त असते आणि तेल सर्वांत कमी. मग लेथवाला तो पुन्हा गोल कापतो आणि थोडे मोठे पिस्टन बसवले जातात. समजा, व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढवला. पुन्हा तेच सूत्र वापरा: घनफळ सुमारे ११०५ होते. अर्ध्या मिलिमीटरने १६ घन सेंटिमीटर वाढले, कारण व्यासाचा वर्ग होतो. वर्गाच्या महत्त्वाचे इतके स्पष्ट उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

आता ठिणगी. या गाड्यांत बॅटरी १२ व्होल्टची, पण प्लगमध्ये ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. ते येतात कुठून? कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक थोड्या फेऱ्यांचे, दुसरे त्याच्या सुमारे शंभरपट फेऱ्यांचे. ‘पॉइंट’ उघडले, की पहिल्यातला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र एकाएकी कोसळते आणि दुसऱ्यात मोठा विद्युत् दाब निर्माण होतो. हे फॅरडेने १८३१ साली शोधलेले प्रवर्तन. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक, म्हणजे मिनिटाला १५०० ठिणग्या पडतात. चारही सिलिंडर मिळून ६०००. म्हणजे सेकंदाला १००! आणि त्या शंभर उघडझापींतले पॉइंटचे अंतर असते साधारण ०.४ मिलिमीटर. जुना मिस्त्री ते फिलर पट्टीने मोजतो. पट्टी अडकत-अडकत सरकली पाहिजे, असे त्याचे माप असते.

अनुभवी मिस्त्री आणखी एक गोष्ट करतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. कोणता व्हॉल्व्ह वाजतो आहे, कोणते बेअरिंग गेले आहे, हे त्याला ऐकू येते. ध्वनी घन पदार्थातून हवेपेक्षा चांगला जातो, हे आपण रुळाला कान लावण्याच्या उदाहरणाने शिकवतो. तेच तत्त्व इथे रोज पोट भरायला उपयोगी पडते.

सहल कशासाठी?

क्लबाचे दुसरे अंग म्हणजे सहली. महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या गाड्या घेऊन निघायचे, तीस-चाळीस किलोमीटरवर कुठेतरी न्याहारी करायची, एकमेकांच्या गाडीखाली डोकावायचे आणि परत यायचे. यात गप्पागोष्टी असतातच. पण सहलीला एक तांत्रिक कारणही आहे, आणि ते रसायनशास्त्रातले आहे.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण. सोयीसाठी ते ऑक्टेन आहे असे धरू. ऑक्टेनच्या एका रेणूत आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन असतात. अठरा हायड्रोजनांपासून पाण्याचे नऊ रेणू होतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेन जळाले, की १६२ ग्रॅम पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम भरते. हिशोब केला तर उत्तर येते: एक लिटर पेट्रोल जळून सुमारे एक लिटर पाणी!

तापलेल्या इंजिनातून ते वाफ होऊन निघून जाते. पण गाडी गॅरेजातच पाच मिनिटे चालू करून बंद केली, तर थंड धुराड्यात आणि इंजिनच्या तेलात तीच वाफ पाणी होऊन बसते आणि आतून गंज चढतो. ‘दर आठवड्याला पाच मिनिटे चालू करतो’ असे अभिमानाने सांगणारा मालक गाडीचे नुकसानच करत असतो. गाडी चांगली तापेपर्यंत, निदान अर्धा-पाऊण तास, रस्त्यावर चालवायला हवी. म्हणून सहल ही चैन नसून औषध आहे.

सहलीत आणखी एक परीक्षा होते. गॅरेजात गाडी सुरू झाली म्हणजे ती दुरुस्त झाली असे नाही. घाट चढताना ती तापते का, उतारावर ब्रेक धरतो का, हे रस्त्यावरच कळते. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत पेट्रोलची टाकी बसण्याच्या जागेखाली होती आणि पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने इंजिनात येई. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ लागला, की इंजिन टाकीच्या वर जाई आणि पेट्रोल पोचत नसे. मग चालक गाडी वळवून उलटी चढवत! आजही या गाड्यांचे मालक तेच करतात. समान पातळीच्या नियमाचा हा धडा फळ्यावर आकृती काढून दाखवावा. मुले विसरणार नाहीत.

इंधन बदलले, गाडी तीच

आता अवघड प्रश्नाकडे वळू. गाडी तिच्या काळातल्या इंधनासाठी बनलेली असते आणि इंधन मात्र काळाप्रमाणे बदलते.

पहिला बदल शिशाचा. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घातल्यास इंजिनचे ठोके थांबतात हे शोधले. पुढे जगभर तेच पेट्रोल विकले गेले. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते हे पुराव्यानिशी पुढे आल्यावर देशोदेशी ते बंद झाले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून, आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ साली. हा निर्णय निःसंशय योग्य होता. पण शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीवर जो पातळ संरक्षक थर बसे तो गेला आणि जुन्या इंजिनांच्या बिडाच्या बैठकी झिजू लागल्या. उपाय निघाला: त्या जागी कठीण पोलादाच्या कड्या बसवायच्या.

दुसरा बदल सध्याचा आहे. २०२५ सालापर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. यातले बरेचसे इथेनॉल उसापासून येते, तेव्हा महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जुन्या गाडीवर याचा परिणाम तीन तऱ्हांनी होतो.

एक, हवेचे प्रमाण. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला सुमारे ९ किलो पुरते. २० टक्के मिश्रणासाठी हिशोब केला तर सुमारे १३.५ किलो येते. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या गाडीत असतो कार्बोरेटर. पाण्याच्या पेल्यात एक नळी उभी धरा आणि दुसऱ्या आडव्या नळीने तिच्या वरच्या टोकावरून जोराने फुंका. पाणी वर चढून फवारा उडतो. कार्बोरेटर हे यापेक्षा फारसे वेगळे नाही. त्यातले जेटचे भोक जेवढे असेल तेवढेच इंधन येणार. इथेनॉल मिसळल्यावर तेच इंधन हवेच्या मानाने कमी पडते, इंजिन तापते, अडखळते. सुमारे नऊ टक्के अधिक इंधन हवे. मग भोकाचा व्यास किती वाढवावा? नऊ टक्के नव्हे! क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढायला व्यास सुमारे साडेचार टक्केच वाढवावा लागतो. पुन्हा तोच वर्ग.

दोन, विरघळणे. सुतार लाकडाला पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो. स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉलच. फार जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये बुचाच्या लाकडाचा तरंगता गोळा असे आणि त्याला लाखेचाच लेप असे. नवे पेट्रोल तो लेप हळूहळू विरघळवते. मग गोळा भिजून जड होतो, बुडतो, आणि पेट्रोल ओसंडून वाहते. जुन्या रबरी नळ्याही फुगतात, मऊ पडतात. पेट्रोल गळणे म्हणजे आगीला आमंत्रण. तेव्हा नळ्या आणि गोळा बदलणे हा हौसेचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

तीन, पाणी. इथेनॉल हवेतली वाफ शोषते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. तिथून टाकी गंजते. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला याचा धोका अधिक. (पेट्रोलचे कोणतेही प्रयोग वर्गात करू नयेत. हे केवळ समजावून सांगावे.)

किती बदलावे?

इथे एक जुने कोडे उभे राहते. पत्रा नवा, पिस्टन नवे, बैठकी नव्या, नळ्या नव्या, रंग नवा. मग ही गाडी ‘ती’ गाडी राहिली का? जगातल्या अशा क्लबांचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ १९६६ सालापासून आहे. त्याने ‘ट्युरिन सनद’ नावाची तत्त्वे मान्य केली आहेत. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली तिच्यावर ही आधारलेली आहे. तिचा गाभा सोपा आहे: शक्य तितके कमी बदला, जे बदलाल त्याची नोंद ठेवा, आणि नव्या भागावर नवेपणाची खूण करा. कारण जुना रंग, झिजलेला पाय-दांडा, कुणा मालकाने केलेली ओबडधोबड दुरुस्ती, हाही पुरावाच असतो. खरवडून चकचकीत केले, की तो पुरावा कायमचा जातो.

आपल्याकडेही ही हौस जुनी आहे. दिल्लीतली ‘स्टेट्समन’ची जुन्या मोटारींची फेरी १९६४ साली सुरू झाली. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. अशा गाड्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. त्या रोजच्या वाहतुकीसाठी वापरता येत नाहीत, फेरी, प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येतात. जुनी गाडी नवीपेक्षा किलोमीटरमागे कितीतरी अधिक धूर सोडते, हे खरेच आहे. वर्षाला थोडेच किलोमीटर चालणे हीच तिला रस्त्यावर येऊ देण्याची अट असावी, हे आम्हाला रास्त वाटते.

मात्र एक गोष्ट खटकते. राजेरजवाड्यांच्या गाड्या जपायला माणसे आणि पैसा दोन्ही मिळतात. साध्या गाड्यांचे काय? मुंबईच्या रस्त्यांवर एके काळी हजारोंनी धावणाऱ्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस सेवेतून बाद झाली. जे सर्वत्र असते ते जपावे असे कुणाला वाटत नाही, आणि मग ते एकदम दिसेनासे होते.

गाडीबरोबर आणखी काही जाते. पट्टी अडकत-अडकत सरकली पाहिजे हे ज्याच्या बोटांना कळते, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ज्याला बेअरिंग ऐकू येते, अशा मिस्त्रीचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात पूर्ण उतरलेले नाही. पत्रा बदलता येतो, पिस्टन नवे घडवता येतात. हे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले नाही, तर तेही गंजासारखेच, परत न येणारे.

प्रत्येक गावात असा एखादा मिस्त्री असतो. आमची शिक्षकांना विनंती आहे, की प्रवर्तनाचे किंवा गंजाचे प्रकरण शिकवायच्या आठवड्यात त्यांना सन्मानाने वर्गात बोलवावे. जुना कार्बोरेटर, जळालेले पॉइंट, झिजलेला पिस्टन असे काही घेऊन या म्हणावे. तो पिस्टन मुलांच्या हातोहात फिरू द्यावा, त्यांना मिस्त्रींना प्रश्न विचारू द्यावेत आणि उत्तरे वहीत लिहून ठेवायला सांगावे. ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी.